कराराचं काय ठरलं, आबा?

आबा, आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहायचा हक्क ज्यांना आहे अशी पुष्कळ माणसं आहेत, आणि मी त्यांतला नाही. मी तुमचा नातेवाईक नाही, व्यापारी नाही, मिलमधला कामगारही नाही. तुमच्या लेकीने, सुनंदाताईंनी, मासिक श्राद्धाला वाटण्यासाठी छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं आणि मला म्हणाल्या, "तूही लिही." मी म्हणालो, "ताई, मी काय लिहिणार? मी तर प्रोजेक्टवाला." त्या म्हणाल्या, "मग प्रोजेक्टबद्दल लिही. त्यावरून तू आणि आबा जेवढे भांडलात तेवढं आमच्या घरात कोणी आबांशी भांडलं नाही."

म्हणून लिहितो आहे. तुमचा जन्म, तुमचं मुक्ताईनगरकडचं गाव, डाळ मिल कशी उभी राहिली, हे बाकीचे लिहितील. मला त्यातलं पुरतं माहीतही नाही. मला माहीत आहे ते तुमचं टेबल, टेबलावरचा डाळीच्या नमुन्यांचा स्टीलचा डबा, आणि समोरच्या खुर्चीत बसून वर्षभर केलेला वाद.

कॉलेजने सांगितलं होतं, एखाद्या चालत्या उद्योगाचं व्यूहात्मक नियोजन करून आणा. वर्गातल्या बऱ्याच मुलांना काका-मामांची दुकानं होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि नातेवाइकांत उद्योग म्हणजे एक पिठाची गिरणी. जळगावच्या एमआयडीसीत मी दारोदार फिरलो. तुमच्याआधी ज्यांच्याकडे गेलो त्यांनी पाणी विचारलं आणि "नंतर ये" म्हणून पाठवलं. तुम्ही विचारलंत, "गाव कोनतं?"

"शिंदखेड्याजवळ."

"म्हंजे तुमी 'शे'वाले." आमच्या अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात, त्यावर तुम्ही हसलात. "बस. कायचं प्रोजेक्ट आहे?"

"व्यूहात्मक नियोजन."

"कोनाशी लढाई करायची आहे का?"

मी घाबरून पुस्तकातली व्याख्या सांगितली. संस्थेची दीर्घकालीन उद्दिष्टं ठरवणं, त्यासाठी साधनांची विभागणी करणं, असं काहीतरी. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत आणि मग म्हणालात, "चांगलं आहे. आता हेच तुझ्या मायला सांगशीन तसं सांग." मला ते त्या दिवशी जमलं नाही. घरी आईनेही विचारलं होतं, "कालेजमा काय शिकस रे तू?" तिलाही मी "मॅनेजमेंट" एवढंच सांगितलं होतं.

तुमच्या मिलचं नियोजन कुठे लिहिलेलं आहे का, असं मी पुढच्या भेटीत विचारलं. तुम्ही म्हणालात, "लिहिलेलं काही नाही. हिवाळ्यात ये, दाखवतो." मला ती टाळाटाळ वाटली. मग मार्गशीर्षात तुम्ही मला तुमच्या शेतात भरिताला बोलावलंत.

भरीत पार्टी मी लहानपणापासून खात आलो आहे, पण एखाद्या मिलची वार्षिक बैठक भरितावर होते हे मला नवीन होतं. बामणोदची हिरवी वांगी, त्यांच्यावर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ, बाजूला कांद्याची पात आणि कळण्याच्या भाकरी. बैठकीला तुम्ही, हिशेब आणि खरेदी बघणाऱ्या ताई, धुळे जिल्ह्यातली दुकानं सांभाळणारे रघुभाऊ, आणि मी. तुमचा नियम रघुभाऊंनी मला आधीच सांगून ठेवला होता. पुढच्या वर्षी काय करायचं, हे तुमच्याकडे कोणी विचारायचं नाही. आधी प्रत्येकाने सांगायचं, यंदा काय सोडायचं. त्यानंतर ज्याला नवीन काही सुचवायचं असेल त्याने लाकडी बडजीत वांगी ठेचत ठेचत सांगायचं. भरीत होईपर्यंत बोलायची मुदत.

रघुभाऊ म्हणाले, "मूगडाळ सोडा आबा. तिच्यासाठी चाळण्या बदलता बदलता दिवस जातो."

ताई म्हणाल्या, "तुम्ही सकाळी सकाळी सगळ्या दुकानदारांना फोन करता, ते सोडा. ते रघुभाऊंचं काम आहे."

"अन् मी कायले उठू मग सकाळी?"

"फिरायला जा. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मी भजे सोडतो. झालं?"

"भजी डॉक्टरांनी कधीचीच सोडवली आहेत, आबा. आपलं काहीतरी सोडा."

सगळे हसले. तुम्ही काही सोडलं नाहीत. मूगडाळ मात्र त्या दिवशी खरंच सुटली. वर्गात आम्हाला शिकवलं होतं की संस्थेला काय करायचं नाही हे ठरवता आलं पाहिजे. ते वाक्य मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. तुमच्या शेतात ते ठरताना पाहिलं तेव्हा त्याला वांग्याच्या धुराचा वास होता आणि रघुभाऊंचा आवाज चढलेला होता, एवढाच फरक.

मग तुम्ही बडजी माझ्याकडे सरकवलीत. मी रघुभाऊंबरोबर टेम्पोतून दोंडाईचा आणि शिंदखेड्याच्या दुकानांत फिरलो होतो. आमच्याकडे माणूस आठवडे बाजाराला येतो आणि आठवड्यापुरतं नेतो. तुमची झोका छाप तूरडाळ तिथे मोठ्या कट्ट्यातून, म्हणजे पोत्यातून, सुटी विकली जायची, पुडीत बांधून. गिऱ्हाइकाला छापच दिसत नव्हता. मी म्हणालो, आपण अर्ध्या किलोची पिशवी काढू. बोलताना मी इतका चाचरत होतो की वांगी लगदा झाली.

तुम्ही म्हणालात, "वांगं मेलं बापा. आता थांब." आणि मग ताईंकडे वळून, "पिशवीचं पाह्य."

ती पिशवी फाल्गुनात दुकानांत गेली. दोंडाईच्यात चालली. मुक्ताईनगरकडे चालली नाही, तिथले लोक वर्षाची डाळ एकदम भरतात आणि पिशवी पाहून म्हणतात, ही काय नमुन्याची आहे का. तुम्ही मला ते दोन्ही सांगितलंत, सारख्याच आवाजात. आबा, माझ्या सांगण्यावरून कोणी काही बदलल्याचं मला त्याआधी आठवत नव्हतं. आमच्या घरात मला विचारून काही ठरत नाही, आणि त्यात कोणाचा दोष नाही. तुमच्याकडे माझ्या बोलण्याची पिशवी झाली. आभार मानायचे राहिले.

पण आपला खरा वाद त्याच भरिताच्या दुसऱ्या भागातला. बैठक संपली आणि पाठकसाहेब आले.

एका मोठ्या पॅकबंद धान्याच्या कंपनीचे ते खरेदी अधिकारी. नाशिकला राहणारे. मिल पाहायला जळगावात आले होते आणि तुम्ही त्यांना हॉटेलात जेवू दिलं नाहीत, शेतातच बोलावून घेतलंत. इस्त्रीच्या पँटीत ते सतरंजीवर बसले. हिरव्या मिरचीने त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी ते "वा, वा" म्हणत होते. रघुभाऊ माझ्या कानात म्हणाले, "साहेब आज रातले आपली आठवण काढी."

जेवताना त्यांनी प्रस्ताव सांगितला. तीन वर्षांचा करार. मिलचा सगळा माल कंपनी घेणार. डाळ आपली, पिशवी त्यांची. तुम्ही म्हणालात, "आधी जेवा साहेब. कामाचं मग." पण साहेबही वस्ताद. भाकरीचा शेवटचा तुकडा हातात धरून त्यांनी विचारलं, "मग आबा, जमलं असं समजू ना आपलं?"

तुम्ही हसलात आणि त्यांच्या ताटात आणखी भरीत वाढलंत.

त्या वाढण्याचा अर्थ काय, यावर आम्ही तिघे पुढे किती बोललो असू. रघुभाऊंच्या मते तुम्ही विषय बदललात. मला वाटलं तुम्ही विचार करायला वेळ घेतलात. ताई म्हणाल्या, "आबांनी समोरच्याला वाढताना नाही म्हटलं नाही. म्हणजे शब्द दिला गेला."

कराराचा मसुदा महिन्याभरात आला आणि तुमच्या टेबलावर, डाळीच्या डब्याखाली जाऊन बसला. ताई विरोधात होत्या. सगळा माल एकाला दिला की आपण त्याचे नोकर, त्यांचं म्हणणं साधं होतं. मी पूर्ण बाजूने नव्हतो, पण पूर्ण विरोधातही नव्हतो. मिलची यंत्रं दिवसाचा बराच वेळ रिकामी असतात. मी म्हणत होतो, अर्धा माल द्या, अर्धा झोका छापमध्ये ठेवा.

"अर्धं पोर दत्तक देतात का?" तुम्ही विचारलंत.

"आबा, डाळ म्हणजे पोर नाही."

"तुले कोनं सांगितलं?"

मी तक्ता काढून आणला. एका बाजूला फायदे, एका बाजूला धोके. तुम्ही चष्मा चढवून सगळा वाचलात. मग म्हणालात, "हे बरोबर आहे."

"मग द्यायचा ना अर्धा?"

"नाही."

"मग सगळा?"

"नाही."

"मग साहेबांना नाही कळवा."

त्यावर तुम्ही म्हणालात ते मला आजही नीट उलगडत नाही. "माझ्या हातचं जेवलेल्या मानसाले नाही कसं म्हनू? तो माझ्या शेतात बसला होता."

मला राग आला होता. इतका की मी तुमच्यापुढे पहिल्यांदा न चाचरता बोललो. म्हणालो, "आबा, तुम्ही दरवर्षी सगळ्यांना विचारता काय सोडायचं. आणि तुम्हाला एकदा 'नाही' म्हणता येत नाही. तो प्रस्ताव घेऊन आला होता, पाहुणा म्हणून नव्हता आला."

"जेवला की पाहुना," तुम्ही म्हणालात आणि चाळणी बघायला निघून गेलात.

पुढे अक्षय्य तृतीयेची आखाजी झाली, उन्हाळा गेला. मी आलो की आपला हा वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. रघुभाऊ आपल्याला बघून म्हणायचे, "बसनात का? आते चहा सांगस." एकदा तुम्ही मला विचारलंत, "अर्धा दिला अन् त्याहीनं पुढच्या वर्षी दुसऱ्याकडून घेतला, तर?" मी म्हणालो, "तर आपली दुकानं असतीलच." तुम्ही म्हणालात, "दुकानदार वाट पाह्यत नाही." मी म्हणालो, "म्हणून तर अर्धाच." त्या दिवशी तुम्ही नमुन्यांचा डबा पुढे ओढून डाळ निवडत बसलात. मला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या खेपेला तुम्ही पुन्हा पोराच्या दत्तकावर आलात.

एक गोष्ट मात्र मी विचारली नाही. आमच्या अभ्यासक्रमात नियोजनाच्या शेवटी एक भाग असतो, पुढचं नेतृत्व. आत्ताचा प्रमुख नसेल तेव्हा निर्णय कोण घेईल. तो भाग भरायचा तर तुम्हालाच विचारायला हवं होतं. मी घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मोठा मानूसले आसं इचारतस का कधी?" मलाही ते तोंडाने म्हणता आलं नसतं. तुमच्यासारख्या माणसासमोर बसून 'तुम्ही नसाल तेव्हा' असं वाक्य सुरू कसं करतात, हे कोणी शिकवलेलं नाही. तुम्हीही तो विषय काढला नाहीत. तुम्हाला तो सुचला नसेल असं मला वाटत नाही.

भाद्रपदात मी गावी होतो. रघुभाऊंचा फोन आला. तुम्ही सकाळी दुकानदारांना फोन करता करता खुर्चीतच कलंडलात, असं त्यांनी सांगितलं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मला मिळाली ती पहिली गाडी धरली, पण अग्निदाहाला पोचलो नाही. दहाव्याला आलो.

त्या दिवशी ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मसुदा अजून टेबलावर आहे. पाठकसाहेब गुरुवारी भेटायला येतायत. मी सही करणार आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सगळ्यांत जास्त विरोध त्यांचा होता.

"तुम्हाला पटलं का ते?"

"नाही. पण आबांनी शब्द दिला होता. जिवंत असते तर त्यांनी तो मोडला असता की पाळला असता, मला माहीत नाही. आता ते मोडू शकत नाहीत. मग मी कशी मोडू?"

मी म्हणालो, "ताई, हो म्हणायचं असेल तर मिलसाठी म्हणा. आबांसाठी नको."

"तुझे वडील आहेत ना? मग तुला नाही कळायचं."

मी परत आलो. होस्टेलवर डोक्यात तेच. सही झाली तर तीन वर्षं झोका छाप कुठेच दिसणार नाही. दोंडाईच्यातली ती अर्ध्या किलोची पिशवी बंद. रघुभाऊंना कंपनी ठेवणार नाही, त्यांची स्वतःची माणसं असतात. आणि हे सगळं एका ताटात वाढलेल्या भरितामुळे. खरं सांगतो आबा, मला तुमचा पुन्हा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो याची लाज वाटली आणि तरी राग गेला नाही. तुम्ही हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. तुम्ही ते ताईंवर ठेवून गेलात, आणि त्यांना ते ओझं आहे हेही सांगितलं नाहीत.

त्याच वेळी हेही आठवत होतं की माझ्या तक्त्याला "हे बरोबर आहे" म्हणणारे तुम्ही पहिले. प्राध्यापकांनीसुद्धा तो नुसता तपासला होता. तुम्ही तो वाचला होता.

इथपर्यंतचं मी बुधवारी लिहून ठेवलं होतं. पुढे काय लिहावं कळत नव्हतं. गुरुवारी दुपारी कॉलेजात चाचणी होती. ती देऊन बाहेर आलो तेव्हा रघुभाऊंचे दोन फोन येऊन गेले होते. मी लावला.

"कोठे व्हता रे? आयक. सही झाली नही."

"ताईंनी नाही म्हटलं?"

"ताईनी नही. आबानी."

मी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसलो. रघुभाऊंनी जे सांगितलं ते असं. पाठकसाहेब आले, तुमच्या फोटोला हार घातला. ताईंनी मसुदा आणि पेन पुढे केलं तेव्हा ते गोंधळले. म्हणाले, आबांनी तुम्हाला सांगितलं नाही का? श्रावणात तुम्ही डोळे दाखवायला नाशिकला जातो म्हणून गेला होतात. डॉक्टरांकडे गेलातच नाहीत. भर दुपारी, न कळवता, केळीच्या वेफर्सची पिशवी घेऊन साहेबांच्या घरी हजर झालात. साहेब सुट्टीमुळे घरीच होते. वहिनींना म्हणालात, "जे असेल ते वाढा." घरात वरण-भात आणि गवारीची भाजी होती. तुम्ही पोटभर जेवलात. भात दुसऱ्यांदा मागून घेतलात. "वरन चांगलं आहे, पन डाळ आमची नाही," असंही म्हणालात म्हणे. मग हात धुवून, खुर्चीत नीट बसून बोललात.

"साहेब, तुमी माझ्या शेतात जेवले, मी तुमच्या घरी जेवलो. आता सांगतो. सगळा माल नाही देत."

साहेबांना वाटलं, दिवाळीत पुन्हा विचारून पाहू. म्हणून त्यांनी वर कळवलं नव्हतं.

"ताई काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"आधी हसली. मंग लई रडनी. आते ठीक शे." मग म्हणाले, "आनखी एक शे. साहेबनी तव्हय आबाले इचारं व्हतं, अर्धा बी नही का? तर आबा काय म्हने, आयक."

आणि रघुभाऊंनी तुमचा आवाज काढून सांगितलं, आबा. त्यांना तो बरोबर जमतो.

"अर्ध्याचं आमचा शिंदखेड्याचा पोरगा म्हनतो. त्याचं अन् माझं भांडन अजून मिटलं नाही. मिटलं की कळवतो."